घावावरची गाठ

अशा गोष्टींवर माझा कधीच विश्वास नव्हता. हे फुशारकीने नाही, कबुलीसारखं लिहितेय... कारण जे झालं ते त्या अविश्वासातूनच झालं.

आम्ही डिचोलीजवळच्या मयेचे. मी गावच्या मराठी शाळेत शिक्षिका होते. धाकटा भाऊ सदा मॅट्रिक झाला आणि सैन्यात नर्सिंगच्या कामासाठी निवडला गेला. आई म्हणाली, "आधी देवीचो कौल घे. उजवी पडली तर जा." ती तापाने पडून होती, म्हणून सदाबरोबर आमोण्याच्या देवळात मी गेले. मूर्तीला ओल्या पाकळ्या चिकटवतात. उजवीकडची गळली तर होकार, डावीकडची गळली तर नकार. सदाला आत यायचा धीर होईना. तो बाहेरच थांबला.

माझ्यासमोर डावी पडली.

"बाय, काय पडला गो? डावी असली तर मी जावचंय नाय. आयेक शबूद दिलोय."

एका पाकळीने शिकलेल्या मुलाचं आयुष्य ठरवायचं? मला संताप आला. "उजवी," मी म्हणाले. आईलाही तेच सांगितलं.

पहिल्या रजेवर आला तेव्हा तो माझ्या हातावर पट्ट्यांचा सराव करायचा.

"बाय, हात दी. तू जखमी."

"मेल्या, माका पेपर तपासूचे आसत!"

"जखमी बोलत नाय." पट्टीचं टोक दोनदा आत खोवून तो गाठ बाजूला घ्यायचा. "घावार गाठ दुस्मनाकसुदीक मारू नये. समाजला?"

एकाहत्तरच्या युद्धात एका जखमी जवानाला ओढून आणताना सदा गेला. तेवीस वर्षांचा होता. मार्चमध्ये त्याची ट्रंक आली. आईने ती न उघडताच कुलूप घातलं, किल्ली कमरेला खोचली.

त्याच महिन्यातली एक दुपार. आई शेजारणींबरोबर मिरच्या शिंपायला मळ्यात गेली होती. कैऱ्या चिरताना आदोळीच्या, म्हणजे विळीच्या, पात्याने माझा डावा तळहात कापला. चिंधी बांधली, दाराला आतून कडी घातली आणि जरा आडवी झाले.

जाग आली ती कळ लागून. चिंधी नव्हती. हातावर सैन्यातली खाकी पट्टी होती — टोक दोनदा आत खोवलेलं — आणि गाठ बरोबर घावावर. इतकी करकचून, की बोटं निळी पडलेली. दाराची कडी तशीच. ट्रंकेचं कुलूपही तसंच. खोलीत टिंचरचा वास... आणि कुणीतरी माझ्याकडे बघत होतं. मायेने नव्हे.

आई आली, मी कडी काढली. पट्टी बघून तिने कात्री उचलली आणि थबकली.

"गाठ सदाची. पण घावार? तो असो कधी बांधी नाय." मग माझ्याकडे वळून म्हणाली, "काय केलंस गो तू तेका?"

मी सांगितलं. डावी पडली होती.

आईने कात्री फळीवर परत ठेवली. "तुझी तूच सोड."

दातांनी ती गाठ सोडवेपर्यंत तिन्हीसांज झाली. दोन बोटं अजून नीट वळत नाहीत. आई त्यानंतर अकरा वर्षं जगली. माझ्या हातचं कधी जेवली नाही.

डॉक्टर म्हणाले, झोपेत तुम्हीच बांधली असेल. मी एका हाताने पुष्कळदा बांधून बघितलंय — तशी गाठ बसत नाही. आणि ट्रंक कुलपात असताना पट्टी आली कुठून? एवढंच जाणते, की दुश्मनालाही जी मारू नये असं सदा म्हणायचा, ती गाठ त्याने मला मारली.