एकशे सत्तरचा भाव

मी चौथी नापास. लिहायला हात वळत नाही. पण हे दुसऱ्याला सांगून लिहवून घ्यायचं नाही, म्हणून आपणच बसलोय.

आमचं गाव निपाणीजवळ. तिथनं मी काठमांडूला गेलो ते गलाईच्या धंद्यात. गलाई म्हणजे जुनं सोनं-चांदी वितळून शुद्ध करायची. सांगलीकडची माणसं या धंद्यापायी मुलूखभर पसरलीत, त्यातल्याच एका शेठचं दुकान होतं. मी भट्टीवर. तेरा वर्षं ॲसिडची वाफ खाल्ली. पगार नेपाळी रुपयात. गावाकडं येताना रक्सौलला, सरहद्दीवर, नोटा बदलून घ्यायच्या. पहिल्यांदा गेलो तेव्हा आपल्या शंभराला एकशे एकोणचाळीस नेपाळी द्यावे लागायचे. पुढं एकशे पंचेचाळीस झाले आणि वर्षानुवर्षं तिथंच राहिले. आम्हाला वाटायचं, हा आकडा आता हलायचा नाही.

पंच्याऐंशी साली, थंडीच्या तोंडाला, घरनं पत्र आलं. बायको पत्रात दुखण्याचं कधी लिहवून घेत नसे. या वेळी लिहिलं होतं, अंगावरनं फार जातंय, बेळगावचा डॉक्टर पिशवी काढायला सांगतोय, दोन महिन्याच्या आत, सगळं मिळून चार हजार.

माझ्याकडं अठ्ठावन्नशे नेपाळी साठले होते. बोटावर हिशेब केला. बरोबर चार हजार. देवच पावला म्हटलं आणि निघालो.

रक्सौलला नोटा बदलणारा म्हणाला, "एक सौ सत्तर." मला वाटलं गंमत करतोय. दुसऱ्याकडं गेलो, तिसऱ्याकडं गेलो. सगळीकडं एकशे सत्तर. नेपाळ सरकारनं त्याच आठवड्यात आपल्या रुपयाचा भाव पाडला होता. माझ्या चार हजाराचे चौतीसशे झाले.

तिथं मी जे केलं ते गलाईवालाच करेल. आमच्या शेठनं एकच शहाणपण शिकवलं होतं, पडल्या भावात चांदी विकू नये. चांदी पडली की तो कपाटात टाकायचा, सहा महिन्यांनी काढायचा आणि हसायचा. मी ते डोळ्यांनी बघितलं होतं. म्हणून मी नोटा बदलल्या नाहीत. तशाच बंडीच्या आत शिवून घरी आणल्या. चांदीचा भाव बाजारात ठरतो, नोटेचा सरकार ठरवतं, एवढं मला कळत नव्हतं. कुणी सांगितलं असतं तरी मी ऐकलं नसतं.

निपाणीच्या बँकेत त्या नोटांकडं कुणी बघेना. कॅशियर म्हणाला, "आप्पा, हे इथं चालत न्हाय. फोटो म्हणून लावा भिंतीला."

मेव्हणा आला. बहिणीचं तोंड बघून माझ्यावर चिडला. "पावणं, सहाशेच कमी पडत्यात न्हवं? मी देतो. जावा आन् बदलून आणा."

"भाव येतोय की माघारी," मी म्हटलं. "उगा सहाशे कशाला पाण्यात घालायचं?"

"भाव येईल. ही ऱ्हाईल का तवर?"

मला राग आला. माझ्या कष्टाचे पैसे, मी बघून घेईन, असं बोललो. तो चहा न घेता गेला.

बायको तंबाखूच्या वखारीत कामाला जातच होती. संध्याकाळी आली की भिंतीला टेकून बसायची, पाय पोटाशी घेऊन. मी विचारायचो, "लई दुखतंय?" ती म्हणायची, "व्हय, पण सोसतंय." सोसतंय म्हणाली की मी निर्धास्त व्हायचो. माणूस किती हलकट असतो ते मला माझ्यावरनं कळलं.

उन्हाळा संपताना काठमांडूच्या सोबत्याचं पत्र आलं. भाव एकशे अडुसष्ट झालाय. दोनानं सुधारला. मी ते पत्र तिला वाचून दाखवलं. "बघ, वर यायला लागलाय. एवढा पावसाळा जाऊ दे." ती म्हणाली, "जाऊ दे की."

पावसाळा गेला. भाव तसूभर हलला नाही. दसऱ्याला ती अंथरुणावरनं उठेना, तेव्हा मी रक्सौल गाठलं. एकशे अडुसष्टनं बदलले. साडेचौतीसशेला दोन जास्त. इतके महिने थांबून चाळीस रुपये मिळवले होते.

बाकीचे मेव्हण्यानं घातले. मागचं एक अक्षर त्यानं काढलं नाही. बेळगावला तिचं पोट उघडलं आणि तसंच शिवलं. डॉक्टरनं मला बाजूला घेतलं. म्हणाला, सगळीकडं पसरलंय, काढण्यासारखं काही राहिलं नाही. गेल्या वर्षी का नाही आणलं? मी सांगितलं, पैसे नव्हते. काढलंच काही नाही म्हणून त्यानं अर्धेच घेतले. पैसे उरले. ते मोजून हातात घेताना मला तिथंच फरशीवर डोकं आपटावंसं वाटलं.

टाके काढल्यावर तिला यष्टीनं घरी नेत होतो. तिला वाटत होतं पिशवी काढली, आता बरं वाटणार. काकती गाव मागं पडलं तसं तिनं विचारलं, "शेवटाला भाव किती आला म्हणायचा?"

मी खिडकीबाहेर बघितलं. "एकशे पंचेचाळीस."

"पुरा?"

"पुरा."

तिनं डोकं माझ्या खांद्याला टेकवलं. "मग थांबलासा ते ब्येस झालं," म्हणाली.