दोन गाण्यांच्या मधे

गनीभाई डीव्हीडी धुवायचे. अगदी बशी धुवावी तशी, भांड्यांच्या साबणाचा एक थेंब टाकून. मग मलमलीच्या रुमालाने मधल्या भोकाकडून कडेकडे पुसायचे. गोल पुसलेलं त्यांना खपत नसे. "मास्तर, गोल ओरखडा वाचायच्या वाटेवरच पडतो. आडवा पडला तर निभावतं," असं त्यांनी मला पहिल्याच दिवशी सुनावलं. कॉम्प्युटर क्लास मी चालवतो आणि हे मला ठाऊक नव्हतं. रागच आला होता, खोटं कशाला बोलू.

महाडात चवदार तळ्याकडून बाजारात येणाऱ्या रस्त्यावर आमची दुकानं भिंतीला भिंत लागून. पुराच्या चिखलाची रेघ दोन्हीकडे सारख्याच उंचीवर. एके काळी महाड-पोलादपूरकडच्या लग्नाचं शूटिंग म्हणजे गनीभाई. निकाह असो की हळद, खांद्यावर कॅमेरा घेऊन माणूस हजर. पुढे ज्याच्या त्याच्या हातात मोबाईल आला आणि धंदा बसला. मग तेच लोक जुन्या डीव्हीडी घेऊन यायला लागले, की भाई, प्लेअर मोडला, आता हे मोबाईलवर घेऊन द्या. गनीभाईंच्या कॉम्प्युटरचा व्हायरसनं खुळखुळा केला होता. मी त्यावर लिनक्स नावाची दुसरी सिस्टिम टाकून दिली.

"हे कुणाचं?" त्यांनी विचारलं.

"कुणा एकाचं नाही. जगभरातले लोक लिहितात आणि वाटून टाकतात."

"फुकट?"

"फुकट."

त्यांनी पडद्यावरून मलमलीचा रुमाल फिरवला. तेव्हापासून एखादी हट्टी डीव्हीडी वाचली गेली की दोन्ही हात उचलून म्हणायचे, "या अल्ला, ज्यानं हे लिहिलं त्याच्या घरी बरकत दे." डीव्हीडीची मोबाईलवर चालेल अशी फाईल करणाऱ्या प्रोग्रामचं नाव हँडब्रेक आहे हे कळल्यावर म्हणाले, "कशेडी घाट उतरताना लागतो तो वेगळा ना?" पण त्यांचा खरा जीव जडला डीडीरेस्क्यूवर. हा प्रोग्राम खराब जागेपाशी अडून बसत नाही. चांगलं तेवढं आधी वाचून घेतो, खराब जागा यादीत टिपून ठेवतो आणि मग पुन्हा पुन्हा तिथे जातो, कधी पुढून, कधी मागून. मधेच वीज गेली तरी यादी शाबूत राहते. गनीभाई येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचे, "आधी चांगलं वाचून घ्यावं, वाईटाकडं मग सावकाश जावं." माणसांशीही ते तसेच वागायचे. माझ्या तिरसटपणाबद्दल इतक्या वर्षांत एक शब्द बोलले नाहीत. यादीत टिपून ठेवला असेल, एवढंच.

एकदा ठकूबाई आल्या. पोलादपूरच्या वर, आंबेनळी घाटाच्या अंगाला डोंगरावर त्यांची वाडी, घरात चार गुरं. पिशवीतून त्यांनी डीव्हीडी काढली, तिच्या भोकात सुतळी ओवलेली. मुलाच्या, बाळूच्या लग्नाची. बाळू वर्षापूर्वी मुंबईत काविळीनं गेला होता.

"ही टांगली होती का कुठं?" गनीभाईंनी विचारलं.

"नाचणीत. पाखरं लय येतात. मीच टांगली रे भाई. मशीन मोडलं, म्हटलं हिचा काय उपेग. तवा बाळू व्हता ना." मग म्हणाल्या, "फोटू हाय घरात. तोंड दिसतंय रोज, पन बोलत नाय. माजा बाळू बोलताना पायजे मला."

उन्हानं डीव्हीडीची मागची बाजू फिकी पडली होती, ओरखडे तर विचारू नका. "आजी, यात काही उरलं नसेल," मी म्हटलं. गनीभाईंनी डोळ्यांनीच मला गप्प केलं, सुतळी सोडवून ठकूबाईंच्या हातात दिली आणि साबण घेतला.

आठ दिवस यंत्र घरघरत होतं. नवव्या दिवशी फाईल उघडली. चित्र चौकोन चौकोन होऊन तुटत होतं, पण बाळू दिसत होता. हळद माखलेला, हसणारा, सारखं काहीतरी बोलणारा. आणि त्याच्यावर गाणं. हळदीवर गाणं, अक्षतांवर गाणं, जेवणावळीवर गाणं.

"हे मीच टाकलंय," गनीभाई म्हणाले.

त्या काळी लग्नातला गलका कुणालाच नको असायचा, पहिल्यापासून शेवटपर्यंत सिनेमातली गाणी हवी असायची. गनीभाईंची तर ख्यातीच होती की त्यांच्या डीव्हीडीत एक क्षण मोकळा सापडायचा नाही.

"गाण्याखालचा आवाज काढता येईल ना? तुमच्या त्या लोकांनी काहीतरी लिहिलं असेल."

"खाली काही नाहीच, गनीभाई. तुम्ही आवाज कमी केला नव्हता, पुसून टाकला होता. मूळ कॅसेट कुठं आहे?"

"पुरात गेली." मग खुर्चीत बसत म्हणाले, "किती लोकांची तोंडं बंद केली मी, मास्तर." पुसून टाकला होता, हे शब्द माझ्या तोंडून गेले याचं मला आजही वाईट वाटतं.

पण माणूस चिवट. हेडफोन लावून त्यांनी ती फाईल पहिल्यापासून ऐकायला घेतली. एकदा ऐकली, दोनदा ऐकली. तिसऱ्या दिवशी दुपारी मधल्या भिंतीवर धपाधप थापा पडल्या. "मास्तर, चुकलो होतो मी! एके ठिकाणी चुकलो होतो!" एक गाणं संपून दुसरं सुरू होताना सांधा हुकला होता. चार सेकंद. नवरानवरी उभी आहेत, आणि बाळू म्हणतो, "आये, तू पन ये गो हिकडं." मागून कॅमेऱ्यावाल्याचा आवाज येतो, "मावशी, पुढं या. हसा जरा."

गनीभाईंनी तेवढा तुकडा ठकूबाईंच्या साध्या बटणाच्या फोनमध्ये घालून दिला. फोन कानाशी धरून, वरून पदर घेऊन त्यांनी ऐकला. "परत लाव," म्हणाल्या. असं कितीदा तरी झालं.

"रिंगटोन लावून देऊ का?" मी उगाच विचारलं.

"नको रे बाबा. गुरांमागं आसताना हाक यायची, आन मी धावत घरला जायाची."

गनीभाईंनी फोनसाठी हात पुढे केला. "शेवटी माझा आवाज घुसलाय त्यात, मावशी. कापून देतो."

"आसूंदे," ठकूबाई म्हणाल्या. "तू व्हतास ना तितं."

यंदा पावसाळा सरता सरता गनीभाई गेले. छातीत दुखायला लागलं आणि संपलंच. शेजारचं शटर आता बंद असतं आणि माझं उघडायचाही मला कंटाळा येतो. त्यांची मुलगी रुखसाना नवऱ्याबरोबर आखातात असते, तिला वेळेत पोचता आलं नाही. महिन्याभरानं तिचा मेसेज आला, "काका, अब्बांचा आवाज कुठे असेल का?"

जन्मभर कॅमेऱ्यामागे उभा राहिलेला माणूस. दुकानातल्या डीव्हीडी काढून मी धुतल्या, त्यांच्यासारख्याच पुसल्या आणि एकेक लावून पाहिली. सगळीकडे गाणी. एक क्षण मोकळा नाही. शेवटी त्यांच्या कॉम्प्युटरवर ठकूबाईंच्या नावाची ती चार सेकंदांची फाईल सापडली. सुरुवातीचा भाग कापून फक्त गनीभाई ठेवावेत म्हणून बसलो, पण हात होईना. सगळीच पाठवली.

तिचं उत्तर लगेच आलं. "अब्बाच आहेत, काका. किती वेळा ऐकलं! पण आधी हाक मारतोय तो कोण?"

हे सगळं मोबाईलवर बोटानं लिहीत बसणं माझ्याच्यानं होईना, म्हणून इथे कॉम्प्युटरवर लिहिलं. रुखसाना, त्याचं नाव बाळू.