टिंबापाशी अडलेली बेल

ताईला रुग्णालयाने सक्तीच्या रजेवर पाठवलं, तेव्हा घरात तिच्या बाजूने बोलणारं कोणीच नव्हतं. मनीसुद्धा नव्हती.

मनी म्हणजे ताईची भावजय. लहानपणी पाऊल न वाजवता घरभर फिरायची म्हणून माहेरी पडलेलं हे नाव नवऱ्याने सासरी आणलं आणि तिथेही ते रुळलं. मुलगी झाल्यावर मनीने नोकरी सोडली. पुढे पुन्हा कामाला लागायचं म्हटलं, तर कोणी दारात उभं करेना. मधली वर्षं रिकामी गेलेला प्रोग्रामर कोणाला हवा असतो? तेव्हा ताईनेच खटपट केली होती. ती ज्या रुग्णालयात नर्स होती, तिथली संगणकाची कामं एक लहानशी कंपनी सांभाळायची. तिच्या मालकांना सगळे सर म्हणत. ताईने त्यांना व्हरांड्यातच गाठलं आणि भावजयीचं घोडं पुढे दामटलं. सरांनी मनीला वेबसाइटचं एक बिघडलेलं पान दुरुस्त करायला दिलं, आणि तिचं काम अर्धं व्हायच्या आतच म्हणाले, "उद्यापासून या."

तर अशी ही ताई. ती कामाच्या पाळीवर असताना, भर संध्याकाळी, रुग्णालयाच्या नव्या विभागात एक म्हातारे शिंपी पलंगावरून उतरताना पडले. खुब्याचं हाड मोडलं.

"मी बेल दाबली," आजोबा म्हणाले. "दाबतच राहिलो. कोणी येईना, मग आपला आपणच उठलो."

"मी टेबलापाशीच बसले होते," ताई म्हणाली. "टेबलावरच्या स्क्रीनवर काही आलं नाही. आवाजही झाला नाही."

तंत्रज्ञाने येऊन पलंगाजवळचं बटण दाबून पाहिलं. त्यावरचा दिवा लागला. म्हणजे बेल ठणठणीत. स्क्रीनबद्दल शंका घ्यायचं कोणाच्या मनातही आलं नाही, कारण जुन्या विभागातल्या कोणी बेल दिली की त्या पलंगाचा चौकोन लाल होताना सगळे रोज पाहत होते. नवा विभाग नुकताच उघडलेला, निम्मे पलंग रिकामे. तिथल्या एकदोन नातेवाइकांनी 'बोलावलं तरी कोणी फिरकत नाही' अशी कुरकुर केली होती, तीही आता ताईच्याच खात्यावर जमा झाली. आजोबांच्या मुलीने सगळ्यांदेखत तिला विचारलं, "तुमचे वडील असते, तर अशाच झोपला असता का हो?"

ताई रुग्णालयातून थेट भावाच्या घरी आली. आल्या आल्या ढसाढसा रडली.

"ताई, डुलकी लागली असेल तर सांगून मोकळी हो," मनीचा नवरा म्हणाला. त्याला वाटलं, आपण समजूतच घालतोय. "माणूसच आहेस. होतं असं."

ताईने भावाकडे पाहिलंच नाही. ती मनीकडे पाहत राहिली. मनी मान खाली घालून म्हणाली, "ताई, स्क्रीन सहसा चुकत नाही हो. आमच्याच कंपनीची आहे, मी रोज बघते ना."

ताई उठली, चपला घातल्या आणि आपल्या घरी निघून गेली. त्यानंतर तिचा फोन आला नाही.

पुढच्या आठवड्यात मनीकडे एक साधं काम आलं. रुग्ण घरी गेला की त्याचा पलंग स्क्रीनवर पिवळा दिसावा, म्हणजे सफाईवाल्यांना कळेल. मनीने दोन ओळी लिहिल्या. जुन्या विभागातले चौकोन पिवळे झाले. नव्या विभागातला एकही होईना. आपलंच काहीतरी चुकलं असं धरून तिने त्या ओळी पुसून पुन्हा लिहिल्या. ढिम्म.

पानावरच्या प्रत्येक चौकोनाला एक नाव असतं, त्याला आयडी म्हणतात. हॅशचं चिन्ह आणि त्यापुढे ते नाव, असा सिलेक्टर जावास्क्रिप्टला, म्हणजे पान चालवणाऱ्या भाषेला, दिला की ती तो चौकोन शोधून हातात देते. जुन्या विभागातल्या पलंगांच्या नावांत मध्ये आडवी रेघ होती. नव्या विभागात कोणाच्या तरी लहरीने रेघेऐवजी टिंब आलं: एन.डी, एन.ई. आयडीमध्ये टिंब असायला काहीच हरकत नाही. पण सिलेक्टरमध्ये टिंबाला वेगळा अर्थ आहे. टिंब आलं की नाव संपलं. पुढे येतो तो वर्ग, म्हणजे चौकोनाचा प्रकार. मनी विचारत होती 'एन.डी' नावाचा पलंग, आणि जावास्क्रिप्ट शोधत होती 'एन' नावाचा, 'डी' वर्गातला कोणीतरी. असा कोणी नव्हताच. म्हणून ती रिकाम्या हाताने परत येत होती.

'एवढंच होय,' असं मनी पुटपुटली आणि तिचा हात की-बोर्डवर तसाच राहिला. बेलसुद्धा पलंग असाच शोधते.

तिने बेलचा भाग उघडला. तोच सिलेक्टर. पलंग सापडला तर चौकोन लाल कर, मग आवाज दे. नाही सापडला तर काय? तिथे चूक झेलणारी एक ओळ होती, आणि त्या ओळीत काहीच लिहिलेलं नव्हतं. चूक व्हायची आणि गिळली जायची. मनीने चाचणीच्या प्रतीवर एन.डीची बेल दिली. चौकोन पांढराच राहिला. पुन्हा दिली. खोलीत फक्त पंख्याचा आवाज होता.

तिने आधी दुरुस्ती केली. नाव सिलेक्टरमध्ये घालण्याआधी एस्केप करून घ्यायचं, म्हणजे टिंबाच्या मागे उलटी तिरकी रेघ लागते आणि टिंब नुसतं टिंब उरतं. एका ओळीचं काम. मग ती सरांच्या खोलीत गेली.

सरांनी ऐकलं, चष्मा काढला. "ते मीच लिहिलंय. कंपनी सुरू केली तेव्हा. एकटाच होतो." मग म्हणाले, "दुरुस्ती आत्ताच्या आत्ता रुग्णालयाच्या सर्व्हरवर चढव."

"चढवलं, सर. रुग्णालयाच्या मेट्रनबाईंना कधी सांगायचं?"

"सांगायचं कशाला? किरकोळ सुधारणा म्हणून जाऊ दे. हे काम हातचं गेलं तर आपण सगळे घरी बसू. तूसुद्धा."

"ताई घरीच बसलीय, सर."

"निवळेल गं ते. अशी प्रकरणं निवळतात." आवाज अगदी मऊ होता. त्यानेच मनीला जास्त त्रास झाला. याच माणसाने तिला दारात उभं केलं होतं. ती "बरं" म्हणाली, जागेवर आली, पिशवी उचलली आणि सरळ ताईच्या घरी गेली.

ताई स्वयंपाकघरात भांडी पुसत होती. मनीने उभ्या उभ्याच सगळं सांगितलं, टिंब, रेघ, गिळलेली चूक. तिला वाटलं होतं, ताई सुटकेचा श्वास टाकेल, नाहीतर चार शब्द सुनावेल. ताईने हातातलं पातेलं खाली ठेवलं.

"म्हणजे मी झोपले नव्हते?"

"नाही, ताई."

"सगळे म्हणायला लागले ना, मग मलाही वाटायला लागलं गं. डोळा लागलाच असेल. आठवून आठवून बघायचे." ती खुर्चीवर बसली. मग हळूच म्हणाली, "आणि ते आजोबा? किती वेळ दाबत बसले असतील?"

"मला माफ करा," मनी म्हणाली. ताईने खाली ठेवलेलं पातेलं उचललं आणि पुन्हा पुसायला घेतलं.

दुसऱ्या दिवशी दोघी मेट्रनबाईंकडे गेल्या. चौकशी बसली. सरांनी मात्र तिथे टाळाटाळ केली नाही. "ओळ माझी आहे, हिची नाही," असं त्यांनी सगळ्यांसमोर सांगितलं. रुग्णालयाने काम काढून घेतलं ते घेतलंच. कंपनीत माणसं कमी झाली आणि उरलेल्यांनी मनीच्या शेजारी बसून डबा खाणं सोडलं. सर 'नमस्कार'पुरते बोलत. तिने दुसरीकडे अर्ज टाकायला सुरुवात केली.

ताईला मानाने परत बोलावलं. तिने नवा विभाग नको म्हणून सांगितलं आणि लहान मुलांच्या लसीकरणाकडे बदली घेतली. एकदा ती आजोबांना भेटून आली. त्यांना आता शिलाईचं पायमशीन चालवता येत नाही, एवढंच तिने मनीला सांगितलं.

मनीशी ती बोलते. भावाशी नाही. तो दर रविवारी मनीबरोबर हटकून जातो, मुलीला पुढे करतो, खुर्चीच्या टोकावर बसतो. ताई चहा टाकते, आणि आतूनच विचारते, "मनी, तुझ्या नवऱ्याला साखर किती लागते, विचार गं जरा."