दारावर टांगलेली चिंधी

"डोळे मिटा. जिथं लागलं तिथं बोट ठेवा." एवढं बोलून तो खिशातून कापसाची वात काढायचा आणि अंगावर कुठंतरी हलकेच टेकवायचा. ज्याला बोट ठेवता येत नसे त्याचं तोंड उतरायचं. महारोगाच्या चट्ट्याला स्पर्श कळत नाही, हे गावात सगळ्यांना ठाऊक झालं होतं.

कुष्ठरोगाचा सरकारी कर्मचारी होता तो. ऐंशी सालानंतर भंडाऱ्याजवळ कारध्याकडच्या गावांत सायकलनं फिरायचा. आम्ही त्याला चट्टेवाले भाऊ म्हणायचो. तुमच्याही गावात असा कोणी येत असेल. बोलायचा फार. लग्नात भेटला तरी आधी कोपर चाचपायचा, तिथली नस जाड झाली का म्हणून. एकदा त्यानं नवरदेवाचंच कोपर धरलं. वरमाय ओरडली, "अरे बापा, लग्न तं लागू दे आधी!"

पण एक अक्कल त्याला होती. रोग्याच्या दारात सायकल लावायचा नाही. चावडीपाशी ठेवून पायी यायचा. ज्या दारात त्याची सायकल दिसे, त्या घरच्या पोरींना स्थळ येत नसे.

माझ्या थोरल्या पोरीच्या उजव्या हातावर चट्टा निघाला, तेव्हाही तो असाच पायी आला. ती विड्या वळायची, लग्न ठरत आलं होतं. गोळ्या सुरू झाल्या. काही महिने बरे गेले. मग एका सकाळी चट्टा लाल होऊन फुगला, कोपर ठणकायला लागलं, आणि विडी वळता वळता तिची करंगळी आणि शेजारचं बोट आत वळलं ते वळलंच. तेंदूचं पान हातात राहीना.

माझ्या नवऱ्यानं गोळ्यांचं पाकीट चुलीत टाकलं. आमच्याकडे सगळे हेच करत. औषध घेतल्यावर दुखणं चढलं, की औषधच वाईट.

दुपारी भाऊ फेरीवर आला. हात पाहिला, कोपराची नस दाबून पाहिली.

"आत्ताच भंडाऱ्याले न्या लागते. आन् गोळी बंद करू नका."

"गोळीनंच तं हात गेला!" नवरा उसळला. "काहून बंद नाही करू?"

भाऊ ओसरीवर बसला. भंडाऱ्याच्या डॉक्टरांनी शिकवलेलं तो आपल्या बोलीत सांगत असे.

"आयका मामा. अंगात पहारेकरी रायते. तो जंतूले गिळते, त्याचे तुकडे करते आन् एक चिंधी आपल्या दारावर टांगते. शिपाई येते, चिंधी पायते. हजार शिपाई पाहून निंघून जाते. ज्याले वळख पटते तोच थांबते. मंग आपल्यासारखे आणखी शिपाई उभे करते, आन् सारे चोराच्या मांगं लागते."

"मंग इतके दिवस कुठी मेले होते शिपाई?" मी विचारलं.

"हा चोर बेमान आहे, मावशी. पहारेकऱ्याच्याच पोटात घर करून रायते, चिंधी टांगूच देत नाही. आता गोळीनं चोर मरून राहिले. चिंध्या दारोदार लटकल्या, शिपाई पेटले. पण चोर नसेच्या आत लपला, तं लाठ्या नसेवरच पडून राहिल्या. शिपायाले आवराचं औषध डॉक्टर देईन. चोराची गोळी मात्र चालूच पायजे. उशीर झाला तं नस मरते. मंग बोट सरळ होत नाही."

नवरा हळूच म्हणाला, "संध्याकाळच्या मोटारीनं नेतो. अंधारात कोणी पायणार नाही."

"नस संध्याकाळपर्यंत थांबत नाही, मामा."

तो उठला, चावडीवर गेला आणि सायकल थेट आमच्या दारात घेऊन आला. रस्त्यावरच्या बाया जागीच उभ्या राहिल्या. पोरगी उंबऱ्यात अडली. माझ्याकडे पाहत राहिली.

"बस," मी म्हटलं. "लग्न राहिलं तं राहू दे. आपल्या हातानं जेवशील तं खरी."

ती मागं बसली. शेजारीण पुढं आली, "काहून वं, काय झालं पोरीले?"

"महारोगाचा चट्टा हाय. पायतं का?" मी म्हटलं.

शेजारीण आपल्या घरात गेली. माझा नवरा चपला न घालताच सायकलीमागं पळत सुटला.

औषध मिळालं, हाताला पट्टी बांधली. शेजारचं बोट सरळ झालं. करंगळी राहिली. ठरत आलेलं स्थळ फिरलं. ती पुन्हा विड्या मात्र वळू लागली.

पुढं भाऊची बदली झाली. निरोप घ्यायला आला. दिलेला चहा निवून गेला. त्यानं पोरीची करंगळी धरून सरळ केली, सोडली. ती वळली. पुन्हा केली, पुन्हा वळली.

"त्या दिवशी फेरीत तुमचं गाव आधी घेतलं असतं तं..."

"सोडा आता, भाऊ. तिच्या विड्या वळाच्या राहिल्या आहेत."

त्यानं हात सोडला. पोरीनं सूप मांडीवर ओढलं आणि पान कापायला घेतलं. तो अंगणात उभा राहून तिचे हात पाहत होता. किती वेळ ते मला ठाऊक नाही. विड्यांचा कट्टा बांधून मी मान वर केली, तेव्हा अंगण रिकामं होतं.