लावणीला हिंदीत काय म्हणतात

आमच्या मराठी मंडळात अर्ज लिहायचं काम माझ्याकडे आहे, कारण माझं हिंदी चांगलं आहे असा एक समज आहे. समज मीच पसरवलेला. जबलपुरात जन्मलेला आणि उभी हयात सरकारी टेबलामागे ‘उपरोक्त विषयांतर्गत’ लिहिण्यात घालवलेला माणूस दुसरं काय मिरवणार? बायको म्हणते, तुमचं मराठीही आता उपरोक्तच झालंय.

या वर्षी स्नेहसंमेलन हॉल सोडून मैदानावर घ्यायचं ठरलं. मैदान म्हटलं की मांडव, भोंगा आणि पोलीस ठाण्याची परवानगी. त्यात आमच्या ठाण्याचा एक वेगळा नियम निघाला. मागे कुठल्याशा मेळ्यात ऑर्केस्ट्राच्या नाचणाऱ्या बायांवरून हाणामारी झाली होती. तेव्हापासून, कार्यक्रमात बाया नाचणार असतील तर प्रत्येकीने स्वतः ठाण्यात यायचं. फोटो, आधार, पत्ता, पेशा आणि नवऱ्याची किंवा पालकाची सहमती. शाळेची पोरं आणि लोकनृत्यं तेवढी यातून सुटलेली.

आणि आमच्या वहिनी लावणी करणार होत्या.

वहिनी म्हणजे माझ्या थोरल्या भावाची बायको. शाळेत गणित शिकवून रिटायर झाल्या, शहराच्या गढा भागात राहतात. वय एकसष्ट. रिटायर झाल्यापासून स्वयंपाकघराचं दार लोटून मोबाइलवर बघून बैठकीची लावणी शिकत होत्या. ही लावणी एका जागी बसून करायची. सगळा खेळ नजरेचा, हाताचा, मानेचा. माहेरी अमरावतीला लहानपणी हट्ट धरला होता तेव्हा वडिलांनी गणिताचं पुस्तक हातात दिलं होतं. त्यानंतर एकदम आत्ता, मंडळाच्या सभेत उठून त्या म्हणाल्या, “मी लावणी करणार. शृंगाराची.” सभेने टाळ्या वाजवल्या. वाजवल्या म्हणजे काय, नाही कोण म्हणणार? अर्ध्या सभेच्या पोरांचं गणित त्यांनीच पास करून दिलेलं. मागे साथीला उभ्या राहायला चौघी तयारही झाल्या.

ठाण्याचा नियम कळल्यावर चौघी मागे सरल्या.

“नर्तकी म्हणून नाव लिहायचं? ठाण्यात?” एक म्हणाली. “माझ्या सुनेचं माहेर सिहोऱ्याला आहे. पहिल्या बसने बातमी पोचेल.”

“काही काळजी करू नका,” मी म्हणालो. “मी बोलतो त्यांच्याशी.” हे वाक्य मी म्हटलं की बायको देवापुढे दिवा लावते.

ठाण्यातले मुंशीजी, म्हणजे कागदपत्रं बघणारे हवालदार, भला माणूस. चहा मागवला, अर्ज वाचला, एका शब्दावर बोट ठेवलं. “ये लावणी क्या होती है?”

आता, शृंगार हा शब्द माझ्या ओठावर आला होता. पण समोर पोलिसाची टोपी, डोळ्यांपुढे त्या चौघींचे चेहरे. तोंडातून निघालं, “जी, लावणी मतलब... रोपाई. धान की. खेत में लगाते हैं न.”

खोटं म्हणता येणार नाही. मराठीत भाताचीही लावणीच करतात.

“अरे, तो रोपा बोलो न बड्डे!” मुंशीजींचा चेहरा उजळला. बड्डे म्हणजे आमच्याकडचा दादा. “ये तो लोकनृत्य हुआ.” आणि त्यांनी ‘धान रोपाई का लोकनृत्य’ असं लिहून शिक्का मारला. मी येताना खोव्याची जिलबी घेऊन गढ्याला गेलो. स्वतःच्याच सत्काराला.

वहिनींनी चष्मा लावून कागद वाचला. “भाऊजी, हे काय लिहून आणलं?”

“ते कागदापुरतं हो. स्टेजवर तुम्ही तुमचंच करा.”

“खाली वाचलं का? शिपाई व्हिडिओ घेणार. लिहिलेल्याशिवाय दुसरं काही दिसलं तर कार्यक्रम बंद. मी काय स्टेजवर बसून भात लावू?”

चौघींना फोन गेले, तर त्या खूश. साडी खोचायची, वाकायचं, त्यात काय? अध्यक्षांनाही भात पसंत पडला. वहिनींनी फोन ठेवला, कागदाची घडी घातली आणि मला परत दिली. “मग त्या लावतील. मी नाही करत.”

रागावल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं. दादा जिलबी खात होता. माझा भाऊ फारसं बोलत नाही. आधी विचार करतो, आणि तो होईपर्यंत वेळ निघून जाते. त्या संध्याकाळी स्वयंपाकघराचं दार उघडंच राहिलं. आत कुकरच्या शिट्टीखेरीज काही वाजलं नाही.

सकाळी त्यांचाच फोन. “भाऊजी, तयार व्हा. ठाण्यात जायचं आहे.”

“काहून?”

“नर्तकी व्हायला.”

वहिनींना बघून मुंशीजी अर्धे उठले. “आइए अम्माजी. चोरी हो गई क्या?”

“नहीं. नाचने की परमिशन चाहिए.”

मुंशीजींनी माझ्याकडे पाहिलं. मी पंख्याकडे पाहिलं.

“वो रोपा वाला?”

“रोपा नहीं है,” वहिनी म्हणाल्या. “लावणी है, शृंगार की. हमारे देवरजी का हिंदी थोड़ा कच्चा है.”

मुंशीजी अवघडले. आवाज खाली आणून म्हणाले, “मतलब... राई टाइप?” राई हा आमच्या भागातला पैसे घेऊन नाचणाऱ्या बेडिया जातीच्या बायकांचा नाच, आणि नाचणारीबद्दल लोक काय बोलतात, हे सगळ्यांना ठाऊक आहे. मी ‘नहीं नहीं’ म्हणायला तोंड उघडलं. वहिनींनी ते मिटवलं.

“हाँ, वैसा ही समझिए. वो भी बड़ी मेहनत से सीखती हैं.”

मुंशीजींनी फॉर्म काढला आणि सवयीने सुरू झाले. “किस पार्टी से? कहाँ ठहराया है?”

“गढ़ा में. शादी हुई तब से वहीं ठहरी हूँ.”

टेबलापलीकडचा शिपाई हसला आणि लगेच खोकला.

मुंशीजींनी खरोखर मदत करायचा प्रयत्न केला. लावणी बसून करायची आहे हे कळताच म्हणाले, “बैठ के? फिर नाच कहाँ हुआ अम्माजी! गायन में डाल देता हूँ, झंझट खतम.”

“हाँ हाँ, गायन में!” मी.

“भाऊजी, तुम्ही चहा घ्या.” मग त्यांच्याकडे वळून, “आँख नाचेगी, हाथ नाचेगा. नाच लिखिए.”

त्यांनी नाच लिहिलं. “और पेशा? सेवानिवृत्त शिक्षिका?”

वहिनींनी कागदाच्या मथळ्याकडे पाहिलं. “फॉर्म किसका है?”

“नर्तकी का.”

“तो नर्तकी लिखिए.”

मी तो शब्द उलट्या बाजूने वाचला. वहिनींनी फॉर्म आपल्याकडे फिरवून सुलट वाचला आणि पुढच्या ओळीवर त्यांचं बोट अडलं. नवऱ्याची किंवा पालकाची सहमती. मुंशीजीही ओशाळले. “अब इस उमर में क्या बोलें... पर कॉलम है.”

दादा बाहेर स्कूटरवर बसला होता. त्याने सोडायला येणं आणि सही करणं यात किती अंतर आहे, ते मलाही माहीत नव्हतं, वहिनींनाही. त्याला आत बोलावलं. त्याने कागद वाचला. मग पुन्हा वाचला. दादा विजेचं बिलही मागून-पुढून वाचतो, पण तेव्हा असं वाटत नाही की कुणाचं काही अडलंय. वहिनी पर्सच्या चेनशी खेळत होत्या. उघड, बंद, उघड.

“तू मला विचारलं नाही,” दादा म्हणाला.

“विचारलं असतं तर?”

दादाने खरंच विचार केला. “विचार करून सांगतो म्हटलं असतं.”

“म्हणून.”

“हो,” दादा म्हणाला. “बरोबर आहे.” आणि त्याने पेन मागितलं.

संमेलनाला चौघींनी भात लावला. रीतसर परवानगी होती. मग वहिनी नऊवारी नेसून, पायात घुंगरू बांधून बसल्या. दुसऱ्या कडव्यात चुकल्या, पेटीवाल्याला “थांबा, परत घ्या” म्हणाल्या आणि पहिल्यापासून सुरू केलं. पुढे काय झालं ते मला नीट सांगता येत नाही. लावणीला हिंदीत काय म्हणतात ते जसं सांगता आलं नाही, तसंच. पण त्यांनी भुवई जराशी उचलली आणि व्हिडिओ घेणाऱ्या शिपायाने मान खाली घातली. रेकॉर्डिंगमध्ये तेवढ्या जागी त्याचेच बूट आले आहेत.

घरी जाताना मी माझ्या गाडीवर त्यांच्या मागेच होतो. वहिनी घुंगरू सोडायला तयार नव्हत्या. तशाच दादाच्या मागे बसल्या. नेपियर टाउनच्या मैदानापासून गढ्यापर्यंत स्पीडब्रेकर भरपूर. दादा एरवी प्रत्येकापुढे इतका हळू होतो की मागचे हॉर्न वाजवतात. त्या संध्याकाळी त्याने एकासाठीही वेग कमी केला नाही.

“अहो, हळू!” वहिनी ओरडल्या.

“काहून?” दादा म्हणाला, आणि पुढच्यावरूनही स्कूटर तशीच नेली. छन्न.