कल्हईवाल्याचा रोग

हिरड्यांवर निळसर काळी रेघ दिसली की शिशाची विषबाधा समजावी, असं आमच्या पुस्तकात होतं. त्या रेघेला एका इंग्रज डॉक्टरचं नाव होतं. त्या वयात कुणाला बंगला हवा असतो, कुणाला मोटार. मला माझ्या आडनावाचा एखादा रोग हवा होता. इंदापुरात दवाखाना टाकून वर्ष झालं होतं. साल असेल तेहतीस-चौतीस. मी पुण्याहून आलो होतो, अक्कल यायची होती.

कळस गावची एक बाई पोट दुखतंय म्हणून आली. हिरड्यांवर ठसठशीत काळी रेघ! ती निळसर नव्हती, तिकडं मी काणाडोळा केला. पोटाला हातही लावला नाही. विचारलं, "भांड्यांना कल्हई कोण करतं?"

"बाजारातलं चाचा," ती म्हणाली.

आठवड्यात आणखी तिघींच्या तोंडात रेघ सापडली. त्याही चाचांचीच गिऱ्हाइकं. बाजारात कल्हईवाला तो एकच होता, हे काही माझ्या ध्यानात आलं नाही. चाचा कथिलात शिसं मिसळतात, असं मी येईल त्याला सांगत सुटलो. पुढच्या बाजारी त्यांचा भाता थंड पडला.

मी मात्र मुंबईच्या मासिकासाठी लेख लिहायला बसलो. रोगाला माझं आडनावही देऊन टाकलं. मागच्या दारात दातांना जळक्या तंबाखूची काळी मिश्री लावत बसलेली बायको वळून म्हणाली, "अहो, एकटेच काय हसताय?" तिच्या हिरड्यांवर तीच रेघ! उभ्या तालुक्यातल्या बायका मिश्री लावायच्या. माझी आईसुद्धा. कळसच्या बाईला परत बोलावून मी तिचं पोट तपासलं. तिला जंत झाले होते. साध्या औषधानं पडले.

चूक माझी, असं मी बाजारात ओरडून सांगितलं. लोक "व्हय, व्हय" म्हणाले आणि त्यांनी भांडी घरीच ठेवली. शेवटी घरची भांडी घेऊन मीच चाचांपुढं बसलो आणि ताज्या कल्हईच्या पातेल्यातली चिंचेची आमटी सगळ्यांदेखत प्यालो. सलग चार बाजार. डॉक्टर मरतो का, हे बघायला गर्दी व्हायची. चौथ्या बाजारी एका म्हातारीनं आपलं पातेलं पुढं सरकवलं.

मी चाचांची माफी मागितली. भात्यावरचा हात न थांबवता ते म्हणाले, "माफीचं ऱ्हाऊ द्या, डाक्तर. घरात मालकीण तीन दिस तापानं फणफणतीया. हितं तुमच्याबिगर दुसरा डाक्तर न्हाय. तिला न्यायची कुठं, तेवढं सांगा."