खबर देणाऱ्याला कसं ठाऊक?

परतूर तालुक्यातल्या एका बँकेतला तो दिवस मी अजून विसरलेलो नाही. तिकडच्या एका ठाण्याचा चार्ज तेव्हा माझ्याकडे होता. सकाळची हजेरी आटोपून मी नुकताच टेबलाशी बसलो होतो, तेवढ्यात बियाण्यांच्या एका व्यापाऱ्याचा फोन आला. वाटूर रस्त्याला त्याचं गोदाम होतं. गणपती असो की ईद, शांतता समितीच्या बैठकीत हा माणूस पहिल्या रांगेत.

"साहेब, जल्दी माणूस पाठवा. बँकेत एक बाई खातं काढून राह्यली. कुठली हाये कुणाला ठाव न्हाई. एक बी कागद न्हाई तिच्यापाशी. संग एक काळीपिवळीवाला हाये."

"तुम्ही ओळखता तिला?"

"बिलकुल न्हाई. कानावर आलं, म्हून सांगितलं."

गरिबांच्या नावाने खाती उघडायची आणि त्यातून फसवणुकीचा पैसा फिरवायचा, असे गुन्हे तेव्हा सगळीकडून कानावर येत होते. एका महिला शिपायाला सोबत घेऊन मी स्वतः निघालो.

मॅनेजरच्या केबिनमध्ये चाळिशीची एक बाई डोक्यावरची ओढणी घट्ट धरून बसली होती. शेजारी तो काळीपिवळी जीपवाला. मॅनेजर म्हणाले, "साहेब, कागद नसले तरी छोटं खातं काढता येतं. फोटो लावायचा, माझ्यासमोर सही किंवा अंगठा घ्यायचा. खात्याला मर्यादा असतात, आणि ओळखपत्रासाठी अर्ज केल्याचा पुरावा वर्षभरात आणून द्यावा लागतो. नियमात बसतं. पण विचारलेल्या प्रत्येक गोष्टीचं उत्तर हाच गृहस्थ देतोय."

मलाही तेच खटकलं. जो दुसऱ्याच्या वतीने भराभर बोलतो, तो बहुधा काहीतरी झाकत असतो. दोघांना ठाण्यात आणलं आणि वेगवेगळ्या खोल्यांत बसवलं.

जीपवाला म्हणाला, "बहीण हाये माझी."

महिला शिपायाने बाईला विचारलं, तर ती म्हणाली, "न्हाई. आमचं नातं न्हाई."

मी परत जीपवाल्यासमोर जाऊन बसलो. काही न बोलता त्याच्याकडे नुसतं पाहत राहिलो. चौकशीत ओरडण्यापेक्षा हे जास्त उपयोगी पडतं. शेवटी तोच बोलायला लागला.

"बहीण न्हाई साहेब. रोज त्या रस्त्यानं जीप नेतो. गोदामाच्या फाटकाशी उभी राहायची ही. काल म्हणली, भाऊ, मला बँकेत सोड, मला बोलता येत न्हाई. परकी बाई घेऊन हिंडतो म्हणलं असतं, तर तुमी मलाच पैलं आत टाकलं असतं."

"कोणतं गोदाम?"

त्याने मान खाली घातली आणि ओठ मिटून घेतले. बाईही गप्प. गोदामाचं नाव काढलं की दोघांचाही चेहरा उतरत होता. पण धाकाला गप्प बसलेला माणूस आणि साथीदाराला वाचवायला गप्प बसलेला माणूस, वरून सारखेच दिसतात. माझा संशय काही गेला नाही. मी त्या व्यापाऱ्याला निरोप धाडला, की खबर तुमचीच आहे, जबाब देऊन जा.

तो इस्त्रीच्या कपड्यांत आला, खुर्चीत ऐसपैस बसला आणि स्वतःच बोलायला लागला.

"तिला सोडू नका साहेब. असल्या बाईचं कसलं खातं? मशीनवर अंगठासुदिक उठत न्हाई तिचा!"

मी पेन खाली ठेवलं. केबिनमधून मी स्वतः तिला उठवून आणलं होतं. तिच्याकडे आधार नव्हतं, त्यामुळे अंगठ्याचं मशीन कुणी पुढे केलंच नव्हतं. तरी मॅनेजरांना फोन लावून खात्री केली.

"शेठ," मी विचारलं, "जिला तुम्ही ओळखत नाही, तिचा अंगठा उठत नाही हे तुम्हाला कसं कळलं?"

तो हसला. मग म्हणाला, लोक बोलतात. कोण लोक, म्हटल्यावर त्याने पाणी मागितलं.

मी शेजारच्या खोलीत गेलो आणि बाईला हात दाखवायला सांगितलं. बोटांची टोकं झिजून गुळगुळीत झाली होती, नखांच्या कडांना लाल रंग मुरला होता. बियाण्याला लाल औषध चोळणाऱ्यांचे हात असे होतात. "गोदामवाला आता बाहेर बसलाय," मी म्हणालो, "आणि आज त्याला घरी जाता येणार नाही." तेव्हा कुठे तिने ओढणी सोडली.

नवरा वारल्यावर ती त्याच्या गोदामात कामाला लागली होती आणि तिथल्याच खोलीत राहायची. जपून ठेवतो म्हणून त्याने तिचे सगळे कागद घेतले. "मागितले की म्हणायचा, कागदाबिगर तू कोण गं? बाहेर पाऊल टाकलं तर पोलीस धरतील. मंग मी इचारलं लोकाला, कागदाबिगर खातं निघतं का. खातं निघालं असतं तर बँकेचं पुस्तक भेटलं असतं. माझं नाव, माझा फोटो. मंग मी गेले असते."

पंचांसमक्ष व्यापाऱ्याच्या घराची झडती घेतली. कपाटात तिचे कागद सापडले, आणि तिच्यासारख्या आणखी काही बायकांचेही. त्यांना पत्ता न लागू देता त्यांच्या नावांवर दुसरीकडे खाती उघडून तो चालवत होता. हिचं खातं काढताना अंगठा उठला नव्हता, म्हणून मोबाइलवर आलेल्या ओटीपीच्या आकड्यांवर काम भागवलं होतं. ज्या गुन्ह्याच्या संशयाने मी बँकेत धावलो होतो, तो खरोखरच घडला होता. खबर देणाऱ्याच्या घरात. गुन्हा दाखल झाला, अटक झाली, पुढे दोषारोपपत्रही गेलं.

तिचे कागद मात्र मुद्देमाल म्हणून जमा करावे लागले. ते परत मिळेपर्यंत ती होती तशीच बिनकागदाची. मॅनेजरांनी नियमाप्रमाणे छोटं खातं काढून दिलं. शाईचा ठसा चांगला उमटला नाही, तर त्यांनी तिला घाई न करता पुन्हा अंगठा टेकवायला सांगितलं. जीपवाला बाहेर गाडी चालू ठेवून थांबला होता. ती बहिणीकडे धावड्याला जायला निघाली.

जाताना मी तिला विचारलं, "बाई, एवढं सगळं होतं, तर ठाण्यात का नाही आलात?"

ती म्हणाली, "साहेब, तुमची गाडी रोज त्याच्याच फाटकाशी थांबायची. तुमचे शिपाई चहा बी तिथंच प्यायचे."

खबर आली की खबर देणाऱ्यालाही चार प्रश्न विचारावेत, हे मी पुढे प्रत्येक नव्या फौजदाराला सांगत आलो. पण या प्रकरणाने शिकवलेली दुसरी गोष्ट मला जास्त मोलाची वाटते. त्यानंतर कुठेही बदली झाली, की चार्ज घेतल्याबरोबर मी आधी एवढंच विचारायचो, आपली गाडी कुणाच्या दारात उभी राहते?